जाळ्याबाहेरचं लायसिन

संपादकांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, नंबर चुकला असेल. त्यांच्या दिवाळी अंकात दरवर्षी निवृत्त माणसं लिहितात. बोटीवरचे कप्तान, पोस्टमास्तर, जंगलखात्यातले कुणी. त्यांच्याकडे वादळं असतात, बिबटे असतात, निदान कुत्रा चावल्याची एखादी आठवण तरी असते. माझी नोकरी दोन वर्षांची, कंत्राटी, आणि ती सगळीच्या सगळी खुर्चीत बसून केलेली. तसं मी अडखळत सांगितलं. संपादक म्हणाले, "अहो, तेच हवंय! प्रयोगशाळेतले थरारक अनुभव! तरुण पिढी!"

मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना आजार आहे. म्हणून लिहिते आहे. थराराबद्दल मात्र आधीच माफी मागते. आमच्या प्रयोगशाळेत शेवटचा थरार झाला तो एसीमधून पाल पडली तेव्हा, आणि ती पडण्याचा मानसुद्धा माझ्या नाही, सरांच्या कीबोर्डला मिळाला.

मी लांज्याच्या आतल्या बाजूच्या एका वाडीतली. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील मुंबईला एका छापखान्यात आहेत, आई घरची शेती बघते. रत्नागिरीला राहून मी एमएस्सी केलं आणि त्याच कॉलेजात सरांच्या प्रकल्पावर 'प्रकल्प सहायक' म्हणून लागले. काम काय, तर प्रोटीनच्या रचनेत कुठलं अमिनो आम्ल कुठल्या अमिनो आम्लाच्या संपर्कात आहे, ते तपासायचं. हे वाक्य मी गावी एकदाच म्हणून बघितलं. पुन्हा धाडस केलं नाही. शेजारच्या काकूने विचारलं होतं, "मंजे तू तिकडं नेमका करतंस काय गो?"

"प्रोटीनमध्ये कोण कोणाच्या जवळ आहे, ते बघते."

"कोण कोनाच्या जवळ हाय?"

"हो."

"आनि त्याचा पगार देतात?"

"देतात."

काकूने पदराला हात पुसले. मग आईकडे वळून म्हणाली, "बघ. मी ह्येच काम जलमभर फुकट करतंय."

हसण्यावारी नेण्यासारखं असलं तरी ते तसं खरं आहे. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांबलचक माळ. पण ती माळेसारखी सरळ राहत नाही. सुंभाची दोरी मुठीत चुरगळावी तशी ती स्वतःभोवती गुंडाळली जाते. चुरगळलेल्या दोरीत एका टोकाची गाठ दुसऱ्या टोकाच्या गाठीला जाऊन टेकते, तसं इथेही होतं. माळेत दूर असलेले मणी प्रत्यक्षात शेजारी येतात आणि एकमेकांना धरून ठेवतात. त्या धरण्यावर प्रोटीनचा आकार टिकतो, आणि आकारावर त्याचं काम. कोणी कोणाला धरलंय हे कळलं, की प्रोटीन कुठे मजबूत आहे आणि कुठे उसवेल याचा अंदाज येतो.

जवळ म्हणजे किती जवळ, हे मात्र आम्ही ठरवलेलं असतं. एका मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे अँगस्ट्रॉम. दोन आम्लांचे अणू साडेचार अँगस्ट्रॉमच्या आत आले, की आमच्या प्रयोगशाळेच्या मते त्यांचा संपर्क झाला. चार पूर्णांक सहा दशांश असेल तर ओळखसुद्धा नाही. साडेचारच का, असं मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं. सर म्हणाले, "सगळे तेच घेतात." उच्च शिक्षणातलं हे उत्तर मला पुढे फार वेळा उपयोगी पडलं.

माणसं फार लांबून येत या कामासाठी. लांबून म्हणजे शहराला लागूनच असलेल्या मिरजोळ्याहून. तिथल्या एमआयडीसीत व्यायामशाळेतल्या पोरांसाठी प्रोटीन पावडर भरायचा एक छोटा कारखाना होता, त्याचे मालक एक दिवस डबाच घेऊन आले.

"मॅडम, तुमच्याकडे अमिनो आम्लांचे संपर्क तपासून देतात ना? आमच्या पावडरीतले द्या. डब्यावर छापायचंय."

"काय छापायचंय?"

"'प्रयोगशाळेत संपर्क सिद्ध.'"

मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी मॅडम म्हटलं होतं, त्यामुळे मी अतिशय मनापासून त्यांना समजावलं. प्रोटीन पोटात गेलं की पचतं, म्हणजे आधी हे सगळे संपर्क सुटतात आणि मग माळेचे तुकडे होतात. संपर्क कितीही चांगले असले तरी पोट त्यांची गय करत नाही.

"म्हणजे पोटात गेल्यावर सगळं तुटतं?"

"हो."

"आमच्या पावडरीतलंसुद्धा?"

"कुठल्याही."

ते उजळलेच. "मग तेच छापू की! 'पोटात पूर्ण तुटण्याची हमी.'" आणि डबा मला भेट देऊन गेले. नंतर सर माझ्यावर रागावले. पावडरवाल्याला घालवल्याबद्दल नाही, तर त्यांच्याकडून एक पत्र घेऊन ठेवलं असतं तर वार्षिक अहवालात 'उद्योगांशी सहकार्य' या रकान्यात लिहिता आलं असतं म्हणून.

दुसऱ्या ग्राहक आमच्याच कॉलेजातल्या एक मॅडम. त्यांना वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठासाठी संपर्काचा नकाशा हवा होता. हा नकाशा म्हणजे एक चौकोन असतो. आडवी माळ, उभी माळ, आणि जिथे दोन आम्लं टेकतात तिथे ठिपका. प्रत्येक आम्ल स्वतःच्या जवळ असतंच, म्हणून कोपऱ्यातून कोपऱ्यात एक तिरकी रेघ जाते. मॅडमनी चष्मा लावून ती रेघ बघितली.

"ही वरून खाली येतेय गं. उतरती कळा वाटते."

"मॅडम, ती तशीच असते."

"कॉलेजचा अंक आहे. चढती कर."

मी चढती केली. उभी बाजू उलटी मोजली की झालं. शास्त्राच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नव्हतं, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आणि एक सेकंड इयरचा विद्यार्थी. त्याने मोबाइलवर मला एका प्रोटीनची रचना दाखवली. ती कोणी प्रयोग करून काढलेली नव्हती, संगणकाने नुसती माळ वाचून ओळखली होती. रंगीत, फिरणारी, माझ्या सगळ्या चित्रांपेक्षा देखणी. "ताई, मग आता तुमचं काम संपलं ना?" त्याने फार प्रेमाने विचारलं. मी म्हटलं, "जूनपर्यंत कंत्राट आहे."

हे सगळं मी हसत हसत सांगते आहे, कारण पुढचं सांगायला मला अजून नीट जमत नाही.

मनालीताई आमच्या प्रयोगशाळेत सरांच्याच हाताखाली पीएचडी करत होती. पूर्णगडची. वडील आणि भाऊ मासेमारीला जातात, आई मासे विकायला बसते. तिचा आवाज खणखणीत, हसली की जिन्यापर्यंत ऐकू जाई. मी नवीन होते तेव्हा कोणाशी बोलायचीसुद्धा भीती वाटायची. तिने पहिल्या दिवशी माझ्या डब्यात बघितलं आणि "नुसती उसळ? काय गो सुप्री, पाप केलंस का?" म्हणून स्वतःच्या डब्यातलं सुंगटाचं, म्हणजे कोळंबीचं, कालवण माझ्या भातावर ओतलं. तेव्हापासून आमचा संपर्क साडेचार अँगस्ट्रॉमच्या आतला.

तिचा प्रबंध होता एका उष्णता सोसणाऱ्या प्रोटीनवर. गरम झऱ्यात राहणारा एक जीवाणू आहे, उकळत्या पाण्याच्या जवळपास तापमानातही त्याची प्रोटीनं उसवत नाहीत. का उसवत नाहीत, हा प्रश्न. सरांनी प्रकल्पाच्या अर्जात 'कोकणातील गरम पाण्याची कुंडे' असा एक हृद्य परिच्छेद घातला होता. आमचा जीवाणू परदेशातला होता आणि त्याने तुरळचं कुंड कधी पाहिलं नव्हतं. पण अर्ज मंजूर झाला. जीवाणूने तक्रार केली नाही.

मनालीताईचं तिसरं प्रकरण म्हणजे प्रबंधाचा कणा. त्यात तिने दाखवलं होतं, की माळेतलं सत्त्याऐंशीवं आम्ल, लायसिन, आणि एकशे बत्तिसावं, ग्लुटामेट, एकमेकांना घट्ट धरून आहेत. लायसिनला लांब लवचीक शेपूट असतं आणि त्याच्या टोकावर धन भार. ग्लुटामेटवर ऋण भार. दोघं एकमेकांकडे ओढले जातात. साध्या, गरम पाणी न सोसणाऱ्या प्रोटीनमध्ये ही पकड नाही, या प्रोटीनमध्ये आहे. म्हणून हे टिकतं. सुंदर, सुटसुटीत, एका वाक्यात आईलाही सांगता येईल असं. तिने सांगितलंही होतं. पूर्णगडात मासे घ्यायला येणाऱ्या बायकांना तिची आई म्हणायची, "आमच्या पोरीनं सोधून काढलान, दोघं हात धरून बसलीयत म्हनून त्ये सिजत नाय."

प्रबंध सादर करण्याआधी एक सेमिनार द्यावा लागतो. बाहेरचे तज्ज्ञ येतात, कमिटी बसते, त्यांनी मान डोलावली की सादर करायची परवानगी. ताईची मुदत संपत आली होती. त्याच वेळी चिपळूणच्या बाजूला एका कॉलेजात अध्यापकाची जागा निघाली होती, आणि मुलाखतीला प्रबंध सादर केल्याचा कागद दाखवायचा होता. असली जागा आमच्या विषयात दरवर्षी निघत नाही. ती निघेपर्यंत माणसं विमा विकायला लागतात. म्हणजे सगळं त्या सेमिनारवर होतं.

सेमिनारच्या दोन दिवस आधी सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मी त्या लायसिन-ग्लुटामेटच्या पकडीचं चित्र तयार करत होते.

"चांगलंय. पण जरा रिकामं वाटतं. ते निळं जाळं असतं ना, ते टाक. भारदस्त दिसतं."

जाळं म्हणजे काय, ते सांगायला हवं. प्रोटीनचे अणू कोणी डोळ्यांनी बघत नाही. त्याचा स्फटिक करून त्यावर क्ष-किरण सोडतात, आणि हिशेब करून इलेक्ट्रॉनांचा एक ढग मिळवतात. त्या ढगात माणूस अणू बसवतो. संगणकावर हा ढग निळ्या जाळ्यासारखा दिसतो, आणि नीट बसवलेलं आम्ल त्या जाळ्याच्या आत असतं, पायमोज्यात पाय असावा तसं. आमच्या प्रयोगशाळेत जाळं कोणी उघडत नसे. अणूंचे आकडे दुसऱ्यांनी बनवलेल्या फाइलमध्ये तयार मिळतात, अंतर मोजायला तेवढे पुरतात. जाळं फक्त शोभेसाठी.

मी शोभा केली. ग्लुटामेट जाळ्यात होतं. लायसिनचं बूड जाळ्यात होतं. शेपूट मात्र, ज्या टोकाने ते ग्लुटामेटला धरून होतं ते शेपूट, मोकळ्या काळ्या पोकळीत लटकत होतं. आजूबाजूला निळ्याचा एक धागा नव्हता.

मला आधी वाटलं, मीच काहीतरी चुकीचं दाबलं. माझा स्वतःवर कायम पहिला संशय असतो. मी सगळं बंद करून पुन्हा उघडलं. मग मूळ फाइल उघडली. फाइलमध्ये प्रत्येक अणूच्या ओळीत जागेच्या आकड्यांपुढे आणखी एक रकाना असतो, हा अणू तिथे कितपत आहे, ते सांगणारा. बहुतेक ओळींत एक असतो. सत्त्याऐंशीव्या लायसिनच्या शेपटीला शून्य होतं. म्हणजे ज्यांनी ही रचना काढली त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं, की बाबांनो, हे शेपूट आम्हाला दिसलेलं नाही, ते हलत असावं, अंदाजाने एका जागी ठेवलंय. अंतर मोजणाऱ्या आमच्या प्रोग्रामने तो रकाना कधी वाचलाच नव्हता. तो प्रोग्राम माझाही नव्हता, ताईचाही नव्हता. आमच्याकडे प्रोग्राम वारसाहक्काने येतात. तो लिहिणारा विद्यार्थी केव्हाच बंगळूरला बँकेत लागला होता आणि पहिल्या ओळीत लिहून गेला होता : 'हे चालतं. हात लावू नका.' कोणी लावला नाही.

ताई दुपारी आली. मी पडदा तिच्याकडे वळवला. तिने बघितलं. हसली नाही.

"लेव्हल कमी कर."

जाळं किती दाट ढगाभोवती काढायचं, याची एक लेव्हल असते. मी कमी केली. जाळं पसरलं. लायसिनचं शेपूट तसंच बाहेर.

"अजून कमी कर."

अजून केली. आता सगळीकडेच निळं झालं. प्रोटीनच्या बाहेर, जिथे काहीही नाही तिथेसुद्धा निळे तुकडे तरंगायला लागले. त्यांतला एक तुकडा लायसिनच्या टोकाला लागला.

"आलं!" मी म्हटलं. मला खरंच आनंद झाला होता.

ताई खुर्चीत मागे टेकली. "काय आलं? बारीक आसाचं, बारीक भोकांचं जाळं टाकल्यावर काय, प्लास्टिकपण येतं." मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "घरी काय सांगू गो?"

तिच्या भावाने बॅनर आधीच छापून घेतलं होतं. गणपतीच्या गर्दीत छापणारा वेळ देत नाही म्हणून. त्यावर नावामागे 'डॉ.' होतं, आणि शुभेच्छुकांचे इतके फोटो, की ताईचा फोटो शोधायला लागायचा.

आम्ही दोघी सरांकडे गेलो. सरांना वाईट म्हणण्याचा माझा हेतू नाही. त्यांचं बालपण पोफळीच्या कॉलनीत गेलं, वडील तिथल्या वीजघरात होते, आणि कुठलाही विषय ते शेवटी डोंगराच्या पोटातल्या त्या वीजघरापाशी आणत. यावेळीही आणला.

"मनाली, पोफळीचं वीजघर बाहेरून दिसतं का?"

"नाही, सर."

"नुसता डोंगर दिसतो. म्हणून काय आत वीजघर नाही? दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं. शेपूट हलतं, म्हणून दिसत नाही. पण असणारच ना कुठेतरी?"

"असणार, सर. पण कुठेतरी असणार. मी लिहिलंय, ग्लुटामेटच्या हातात आहे."

"सेमिनारला कोण एवढं बघतं?"

"सर, वीजघर दिसत नाही, पण वीज दिसते. माझ्याकडे वीज कुठाय?"

सर माझ्याकडे वळले. "सुप्रिया, चित्रातून जाळं काढून टाक."

आमच्या क्षेत्रातला पुराव्याचा प्रश्न मी याहून कमी शब्दांत सुटलेला बघितला नाही.

ताई बाहेर गेल्यावर सरांनी मला थांबवलं. आवाज खाली आला होता. "तिची मुलाखत आहे. हा कागद मिळू दे. पुढच्या पेपरमध्ये आपण नीट दुरुस्त करू. त्या घरातून इथवर आलेली मुलगी आहे, तू तरी समजून घे." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तिची काळजी होती. मलाही ते पटलं, हे इथे लिहून ठेवते. माझं कंत्राट वाढवण्याच्या कागदावर त्यांचीच सही लागणार होती, त्यामुळे पटायला सोपं गेलं असेल, तेही लिहून ठेवते.

मी जाळ्याशिवायचं चित्र केलं. काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी लायसिन, लाल ग्लुटामेट, मधे तुटक रेघ. मी केलेल्या चित्रांत ते सगळ्यात सुंदर होतं, आणि कुठेही वापरलं गेलं नाही. ताईने दोन्ही चित्रं पेन ड्राइव्हवर मागितली. कुठलं दाखवणार, ते मी विचारलं नाही. विचारायला मला जमलंच नसतं.

सेमिनारला पुण्याहून तज्ज्ञ आले. त्यांनी आल्या आल्या मासे कुठे चांगले मिळतात, याची चौकशी केली, आणि त्याचं उत्तर मिळाल्यावर त्यांचा रत्नागिरीतला शास्त्रीय रस जवळजवळ संपला. ताईचं पहिलं प्रकरण झालं, दुसरं झालं. तज्ज्ञ मोबाइलवर. कमिटीतले एकजण झोपेच्या साडेचार अँगस्ट्रॉमच्या आत. मी मागच्या बाकावर नखं खात होते. तिसरं प्रकरण आलं.

पडद्यावर निळं जाळं.

सरांनी मान खाली घातली. काहीही झालं नाही. तज्ज्ञांनी एकदा वर बघितलं आणि प्रसन्न झाले. "वा! हे निळं फार छान वाटतंय. कोणी केलंय?"

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी अर्धवट उठून नमस्कार केला. शेपूट सगळ्यांसमोर हातभर मोठं होऊन पडद्यावर लटकत होतं, आणि ते कोणालाही दिसलं नव्हतं. ताईने पुढची स्लाइड दाबली असती तर संपलं होतं. खोटंही बोलावं लागलं नसतं. दाखवलं होतंच की तिने! सरांचा चेहरा हळूहळू सैल होत गेलेला मी बघितला.

ताईने बटण दाबलं नाही.

"सर, छान दिसतंय, पण जरा इथे बघा. हे लायसिनचं टोक. हे जाळ्याबाहेर आहे. प्रयोगात ते दिसलेलं नाही. आम्ही ते तिथेच आहे असं धरून मोजलं."

तज्ज्ञांनी मोबाइल उपडा ठेवला. "म्हणजे हा संपर्क?"

"नाही, सर. म्हणजे असेलही. पण माझ्याकडे पुरावा नाही."

"मग तिसरं प्रकरण?"

"होतं, सर. परवापर्यंत."

कोणीतरी हसलं आणि मग कोणीच हसत नाही असं बघून थांबलं. जे एकजण झोपले होते ते जागे झाले आणि 'काय झालं' म्हणून शेजाऱ्याला विचारू लागले. पुढे जे व्हायचं तेच झालं. कमिटीने 'सुधारून पुन्हा सादर करावे' असा शेरा दिला. तज्ज्ञांनी निघताना ताईच्या प्रामाणिकपणाचं तोंडभरून कौतुक केलं आणि त्यानंतर जेवायला गेले. कौतुकाचा कागद मात्र मुलाखतीत चालत नाही. चिपळूणची जागा गेली.

सर आमच्याशी बोलले नाहीत. बटाटेवड्याची बशी घेऊन केबिनमध्ये बसले. संध्याकाळी एकदाच बाहेर येऊन म्हणाले, "मला आधी नीट सांगायचं ना." ते इतक्या खरेपणाने म्हणाले, की आम्ही सांगितलं होतं की नाही याची मलाच शंका यायला लागली.

ताई बाहेर व्हरांड्यात फोनवर होती. तिचा आवाज पहिल्यांदाच जिन्यापर्यंत जात नव्हता.

"नाय गो आई... नापास नाय... पास पन नाय... नाय, कोनी फसवला नाय मला. मीच सांगितलं... आता कसं सांगू तुला... हो, जेवले." ती जेवली नव्हती.

तिने मुदत वाढवून घेतली तर एक वर्ष मिळणार होतं, तेही बिनपैशाचं. न घेतली तर इतकी वर्षं पाण्यात. आईने तिला घरी बोलावलं होतं. मला वाटलं, ती जाईल आणि काही दिवस येणार नाही. कोण येईल?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप उघडत होते तर ती जिन्यावर बसलेली. केस घट्ट बांधलेले, डोळे सुजलेले. एसी सुरू व्हायच्या आधीच तिने स्टूल ओढून माझ्या संगणकाशेजारी घेतलं.

"प्रबंधातल्या सगळ्या संपर्कांची यादी काढ."

"कशाला, ताई? ते एकच चुकलं. बाकीचे बरोबर असतीलच की."

"असतीलच म्हणजे काय गो? हे पन असेलच होतं."

मी यादी काढली. पडद्यावर ती खाली खाली सरकत राहिली. यातलं एकेक उघडायचं, जाळं लावायचं, बघायचं. जे बाहेर निघेल ते खोडायचं. किती उरेल, ते कोणालाच माहीत नव्हतं. काहीच उरलं नाही तर काय, हे मी विचारणार होते, पण तिच्या तोंडाकडे बघून नाही विचारलं.

"कुठलं आधी उघडू?"

तिने यादीवरून बोट फिरवलं. एका ओळीपाशी थांबली, पुढे गेली, पुन्हा मागे आली.

"हे," ती म्हणाली. "मला सगळ्यात आवडतं ते."

मी तिच्याकडे न बघता निळं जाळं चालू केलं.